ओतणाऱ्या हाताची वाट

धीर धरणं माझ्या स्वभावातच नाही. चुलीवर भात ठेवला की झाकण उचलून बघितल्याशिवाय मला राहवत नाही, आणि आता या वयातसुद्धा कुणी "उद्या सांगतो" म्हणालं की माझा जीव खालीवर होतो. "हिच्या पायाला भिंगरी हाय," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. खोटं नव्हतं ते. अशी मुलगी देवानं नेमकी अशा घरात घातली, जिथं वाट पाहणं हे केर काढण्यासारखं रोजचं काम होतं. देवाच्या या थट्टेचा मला लहानपणी फार राग यायचा.

आमचं गाव वेल्ह्याच्या बाजूचं, भोर संस्थानातलं. माझे वडील वस्तीतल्या शाळेचे मास्तर आणि रविवारी प्रचारक. पाळकसाहेब भोरहून क्वचित कधीतरी यायचे, बाकी सगळा कारभार दादांकडे. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. वस्तीतली घरं सगळी ख्रिस्ती. बाप्तिस्मा आजोबांच्या पिढीत झाला. त्याआधी आम्ही महार होतो आणि गावाच्या लेखी नंतरही महारच राहिलो. नावं बदलली, सण बदलले, लग्नाची गाणी बदलली, पण ही बातमी विहिरीपर्यंत काही पोचली नव्हती.

पावसाळ्यात आमच्या भागात पाणी नकोसं होतं. कपडे वाळत नाहीत, चूल पेटत नाही, माणूस आतून बाहेरून ओला. आणि होळी झाली की तोच ओढा ठणठणीत कोरडा. मग वाळूत डवरे खणून वाटीवाटीनं पाणी भरायचं. तेही चैत्रात आटायचं, आणि उरायची ती गावाची विहीर. तिला आम्ही शिवायचं नव्हतं. कठड्यापासून बऱ्याच अंतरावर एक सपाट दगड होता, तिथं आमच्या बायका घागरी मांडून बसायच्या. गावातली एखादी बाई पाण्याला आली, तिची मर्जी असली आणि तिला घाई नसली, तर ती आपली कळशी उंच धरून आमच्या घागरीत पाणी ओतायची. भांड्याला भांडं लागू नये म्हणून उंच. त्यातलं निम्मं दगडावर सांडायचं.

"वाढा वो माय, पाणी," एवढंच आई म्हणायची, तेही एकदाच. दुसऱ्यांदा म्हटलं की बायका चिडतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती पदर डोक्यावर ओढून, नजर खाली लावून बसायची. ऊन डोक्यावर यायचं, कलायचं, घागर कधी भरायची, कधी अर्धी राहायची. मी बरोबर असले की माझी नुसती तडफड व्हायची. पाणी तिथं, आम्ही इथं, आणि मध्ये कुणातरी बाईची मर्जी.

दुसरं थांबणं भोरच्या कचेरीतलं. वस्तीला विहिरीसाठी जागा मिळावी म्हणून दादांनी संस्थानात विनंती केली होती. शाळेला सुट्टी लागली की ते नसरापूरवरून चालत भोरला जायचे, कचेरीच्या ओसरीवर बसायचे आणि साहेब फिरतीवर आहेत, हे ऐकून परत यायचे. एकदा मी हट्ट धरून त्यांच्याबरोबर गेले. वाट वाकडी करून त्यांनी मला भाटघरचं धरण दाखवलं. एवढं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. "हे कुणाचं?" मी विचारलं. "खालच्या कालव्यांचं," दादा म्हणाले. परतीच्या वाटेवर मला सारखी तहान लागत होती.

आणि तिसरं थांबणं देवापुढचं. आमच्या प्रार्थनेच्या घराला आम्ही देऊळच म्हणायचो. दगडमातीच्या भिंती, वर गवताचं छप्पर, आजोबांच्या पिढीनं स्वतः दगड वाहून बांधलेलं. आठवडाभर दादांची शाळा तिथंच भरायची. वस्तीची स्वतःची म्हणावी अशी जमीन तेवढीच. घरं सगळी दुसऱ्यांच्या बांधांना टेकलेली. महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी सगळी मंडळी देवळात जमायची, वस्तीपुढचा प्रश्न देवापुढं ठेवायची आणि गप्प बसायची. देवानं कुणाच्या मनात शब्द घातला, तर त्यानं तो उठून सांगायचा. मात्र एक अट होती. जो शब्द आपल्या फायद्याचा आहे, तो आपण बोलायचा नाही. तो दुसऱ्या कुणाच्या तोंडून येईपर्यंत थांबायचं.

ही अट उगाच आलेली नव्हती. फार पूर्वी एका गृहस्थांनी उठून सांगितलं होतं, की शेजाऱ्याची मुलगी आपल्या मुलाला द्यावी असं देवानं त्यांना स्वच्छ दाखवलंय. मुलीला तो मुलगा डोळ्यांसमोर नको होता. मग देवानं मला कसं नाही दाखवलं, असं तिनं भर देवळात विचारलं. त्यावरून दोन घरांत अशी जुंपली, की त्या वर्षी नाताळचं जेवणही वेगवेगळं झालं. तेव्हापासून वस्ती देवाच्या नावाला फार जपून होती. आपलीच हौस देवाच्या आवाजात बोलायला लागते, असं दादा म्हणायचे, आणि तो आवाज ओळखायचा तर थांबण्याशिवाय दुसरा इलाज नाही.

असेल. पण त्या शांततेत माझ्या अंगाला मुंग्या लागायच्या. मंडळीचे थोरले पंच डोळे मिटून पुढंमागं डुलायचे, कुणीतरी खोकायचं, बाहेर एखादी शेळी ओरडायची, आणि मी बसल्या जागी चटईच्या काड्या उपटत राहायची. आई नेहमी वेदीच्या उजव्या कोपऱ्यात बसायची, तिथं गार वाटतं म्हणून. त्या कोपऱ्यातली चटई दर उन्हाळ्यात कुजायची. सोमवारी सगळ्या चटया उन्हात घालायचं काम माझ्याकडे असल्यामुळं मी त्या कोपऱ्याला मनातल्या मनात लाखोली वाहायची. भिंतीच्या पलीकडे एक उंबर होता. सगळं रान करपलं तरी हा आपला हिरवागार.

पाण्याचा प्रश्न देवापुढं ठेवून कितीतरी उन्हाळे झाले होते. दर वेळी तेच. प्रार्थना, शांतता, आणि शेवटी थोरले पंच घसा खाकरून म्हणायचे, "आजून थांबू." मंडळी उठायची, दुसऱ्या दिवशी बायका घागरी घेऊन दगडाकडे निघायच्या.

मी लुगडं नेसायला लागले तेव्हाची गोष्ट. एकदा मी दादांना आडवी गेले. म्हटलं, "आई दगडावर बसते आणि तुम्ही चटईवर. फरक काय?"

"फरक आहे," दादा म्हणाले.

"काय फरक आहे?"

त्यांनी जरा विचार केला. "आत्ता सांगता येत नाही. पण आहे."

"म्हणजे तिथंही थांबायचंच," मी म्हणाले. ते हसले. मला अजिबात हसू आलं नाही. मला खरोखर भीती वाटत होती, की आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या थांबायची सवयच लागलीय आणि त्या सवयीलाच आम्ही श्रद्धा म्हणतोय. ज्याला सगळ्यांनी ओसरीवर बसवून ठेवलं, तो देवाच्याही ओसरीवर जाऊन बसणारच. हा विचार मी कुणाला सांगितला नाही, पण तो मला धड जेवू देत नव्हता.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या गावची जत्रा रविवारी आली. आमच्या गावातल्या बैलगाड्या भल्या सकाळीच निघाल्या. घरातलं पाणी संपलेलं होतं. उपासना आटोपली आणि आई नेहमीप्रमाणे घागरी घेऊन गेली. वस्तीतल्या बाकीच्या बायका गाव रिकामं बघून डवरे खरवडायला ओढ्याकडे गेल्या. आई म्हणाली, कुणीतरी म्हातारीकोतारी मागं राहिली असंल, येईल. ऊन कललं तरी आई परतली नाही. मी तिला बघायला गेले.

ती दगडावर बसली होती. समोर घागरी मांडलेल्या, पदर डोक्यावर, ओठ सुकून पांढरे पडलेले. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. रहाटाला दोर होता, दोराला पोहरा होता, आणि मी जरा पुढं झाले तर खाली पाणी चमकताना दिसलं.

"आई, कुणी नाही. मी काढते," मी म्हणाले.

तिनं माझं मनगट धरलं. एवढा जोर तिच्या हातात कुठून आला कोण जाणे. "न्हाई."

"अगं, कुणाला कळणार आहे?"

"कळंल. कुनीतरी बघंल. तू पानी पिशील आन्‌ मार सारी वस्ती खाईल. चल घरी."

"मग बसलीस कशाला इतका वेळ?"

ती उठायला लागली. तिला उठता येईना, गुडघे आखडले होते. मी तिला हाताला धरून उठवलं. रिकाम्या घागरी तिनं स्वतःच उचलल्या, मला घेऊ दिल्या नाहीत. सगळ्या वाटेत मी रागानं रडत होते आणि ती पुढं बघून चालत होती.

देवळात मंडळी जमली होती. महिन्याची बैठक त्याच संध्याकाळी होती. आई घरी न जाता तशीच तिथं आली. घागरी तिनं दाराशी न ठेवता आत आणल्या, वेदीपुढं ठेवल्या आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन बसली. दादांनी प्रार्थना केली. पाण्याचा प्रश्न पुन्हा देवापुढं गेला, आणि पुन्हा ती शांतता पसरली. थोरले पंच डुलायला लागले.

"म्या बोलू का?" आई म्हणाली.

पंच डुलायचे थांबले. बायका प्रार्थना म्हणायच्या, गाणी म्हणायच्या, पण शब्द सांगायला आजवर एकही उठली नव्हती. "बोला की," ते गडबडून म्हणाले.

"पानी हितं हाय." आईनं आपला तळवा चटईवर टेकवला. "म्या बसते तितं. खाली. लई वर्सं झाली, मला ठावं हाय."

"देवळाखाली?"

"व्हय. वेदीखाली."

मग थोरले पंच जमिनीकडे बघत म्हणाले, "मलाबी वाटत व्हतं. दरसाली म्या भिंती लिंपतो, आन्‌ ह्याच कोपऱ्याचं लिंपन गळून पडतंया. पर देवाचं घर मोडा, आसं कसं म्हनायचं? म्हनलं, ही आपली हाव बोलतीया." मागून कुणीतरी उंबराचं नाव काढलं. आणखी कुणी म्हणालं, आपल्यालाही केव्हाचं वाटतंय, पण म्हटलं दुसऱ्यानं बोलावं. शेवटी दादा बोलले. शाळेच्या फळ्यामागं त्या कोपऱ्यात भर वैशाखात बेडूक सापडतात, हे त्यांना कधीपासून ठाऊक होतं.

मला हसावं की रडावं कळेना. इतके उन्हाळे ही सगळी माणसं त्या ओलीवर बसून वर बघत होती. प्रत्येकाच्या तोंडात तोच शब्द, आणि प्रत्येकजण शेजाऱ्याच्या तोंडाकडे कान लावून. असली चूक आमच्याच मंडळीला जमावी. मी ताडकन उभी राहिले. "सगळ्यांना माहीत होतं? आणि आई तिकडं उन्हात..."

"बस," दादा म्हणाले, पण रागावून नाही. ते आईकडे वळले. मंडळीपुढं ते तिच्याशी कधी बोलत नसत. "मला पाणी हवं होतं. म्हणूनच मी बोललो नाही. आपल्याला हवी असलेली गोष्ट देवाच्या तोंडी घालणं फार सोपं असतं."

"मलाबी हवंच हाय की," आई म्हणाली. "पर तहान कुनी दिली? ती बी सैतानानंच दिली व्हय?"

त्यानंतरची शांतता मला पहिल्यांदाच लांब वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी छप्पर उतरवलं. वेदीचं मेज उंबराखाली ठेवलं. भिंती पाडल्या आणि विहीर बांधायला उपयोगी पडतील म्हणून दगड बाजूला रचले. दगड रचताना थोरल्या पंचांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसत नव्हते. गावातली माणसं लांब उभी राहून बघायची. देवाचं घर आपल्या हातानं पाडणारी माणसं त्यांनी पाहिली नव्हती, आणि खरं सांगायचं तर आम्हीही पाहिली नव्हती.

वरची माती ओली निघाली, सगळ्यांना हुरूप आला. आणि मग कातळ लागला. काळा, कोरडा, पहारीला दाद न देणारा. दिवस जायला लागले. दादा उंबराखालची शाळा सुटली की धोतर खोचून खड्ड्यात उतरायचे, मी वरून पाट्या ओढायची. तळहात सोलपटून निघाले. संध्याकाळी उंबराखाली प्रार्थना व्हायची तेव्हा मंडळी एकमेकांकडे बघायचं टाळायची. पावसाळा तोंडावर आला होता. डोक्यावर छप्पर नव्हतं आणि खाली पाणी नव्हतं. आई रोज घागरी घेऊन दगडाकडे जायची, आणि आता तिथं तिला टोमणेही ऐकावे लागायचे. "देऊळबी गेलं, आन्‌ पानीबी न्हाई," असं कुणीतरी ओतता ओतता म्हणालं. आईनं पाणी घेतलं आणि घरी आली. रात्री ती दादांना हळूच म्हणाली, "माझंच चुकलं आसंल." दादा म्हणाले, "असेल. उद्या आणखी खणू."

गंमत म्हणजे मला त्या दिवसांत थांबणं तितकं जड गेलं नाही. तडफड होतीच. दर थोड्या वेळानं मी काठावर पालथी पडून खाली बघायची आणि दादा खालून ओरडायचे, "झाकण ठेव, भात शिजायचाय!" पण हातात पाटी होती, पाटीत दगड होते. दगडावर बसून वाट बघताना मला जो आतून चुरगळल्यासारखा भाव यायचा, तो इथं येत नव्हता.

पाणी आलं ते एका संध्याकाळी, कसलाही गाजावाजा न करता. कातळाला चीर पडली आणि चिरेतून मातकट ओल झिरपायला लागली. बघता बघता दादांचे घोटे बुडाले. वर एकच गलका झाला. कुणी गाणं सुरू केलं, कुणी रडायला लागलं. मी पोहरा खाली सोडला, भरून वर ओढला आणि तोंडाला लावणार, तोच दादांनी वर येऊन तो माझ्या हातातून काढून घेतला.

"गढूळ आहे. सकाळपर्यंत राहू दे."

"दादा!" मी अक्षरशः किंचाळले.

"निवळू दे, पोरी." चिखलानं माखलेले ते माझ्याशेजारी खाली बसले. धाप लागली होती. "तू फरक विचारला होतास ना? दगडावर आपण थांबतो ते समोरच्याची मर्जी फिरावी म्हणून. देवापुढं थांबायचं ते आपलं मन निवळावं म्हणून. आमचं चुकलं ते एवढंच, की निवळल्यावरसुद्धा आम्ही हात घातला नाही. तुझ्या आईला घालावा लागला."

मला त्या वेळी फरकबिरक काही नको होता, पाणी हवं होतं. त्यांचं ते बोलणं मला पुढं फार वर्षांनी उपयोगी पडलं. अजूनही देवापुढं काही ठेवून थांबायची वेळ आली, की मी स्वतःला विचारते, बाई, तू चटईवर आहेस की दगडावर? उत्तर दर वेळी मिळतंच असं नाही, आणि मिळालं नाही की मी घरभर फेऱ्या घालते.

सकाळी पाणी निवळलं होतं. खाली आभाळ दिसत होतं. दादांनी उंबराला दोर बांधून पोहरा काठाशी ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, की पहिलं पाणी माझ्या आईनं काढायचं. आम्ही बाजूला उभे राहिलो. आई घागरी घेऊन आली. तिनं त्या काठापासून बऱ्याच अंतरावर खाली ठेवल्या, एकीला एक लावून नीट मांडल्या आणि त्यांच्यामागं बसली. पदर डोक्यावर ओढला. नजर खाली लावली.

मला वाटलं प्रार्थना करतेय. सगळ्यांनाच तसं वाटलं असावं, कारण पुरुषांनी मुंडाशी उतरवली. पण ती काही बोलेना, हलेना. तिला तसं बसलेलं मी कितीतरी वेळा पाहिलं होतं, त्या दगडावर. मी जवळ गेले.

"आई, कुणाची वाट बघतेस?"

ती दचकली. तिनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं, मग सगळ्या उभ्या असलेल्या मंडळीकडे. "आगं बाई," एवढंच ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले आणि ती हसली. मी हात दिला, पण तो न घेता ती स्वतःच गुडघ्यावर हात टेकून उठली. पोहरा तिनं सोडला, तिनंच ओढला. घागर काठाशी आणून तिनं पोहरा घागरीच्या तोंडाला टेकवला आणि सावकाश पाणी ओतलं. थेंबही खाली सांडला नाही.